कोलोनोस्कोपीतील एआय: पडद्यावरच्या हिरव्या चौकटीवर किती विसंबावे?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
नमस्कार. माझ्या वडिलांची, वय ६७, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली आहे. तपासणी चालू असतानाच संशयास्पद जागेभोवती चौकट दाखवणारी एआय प्रणाली वापरायची असल्यास वेगळे शुल्क पडेल, असे रुग्णालयात सांगितले. निदान नेमके कोण करणार, यंत्र की डॉक्टर? आणि हा खर्च करण्याजोगा आहे का?

उत्तर १
मी इंदुरातच एंडोस्कोपी कक्षात तंत्रज्ञ आहे. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेऊन हळूहळू बाहेर काढताना अस्तर पाहिले जाते, आणि त्याच वेळी ही प्रणाली चित्रात पॉलिपसारखे, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठीसारखे, काही दिसले की चौकट काढते. फेसाचा बुडबुडा, राहिलेला मळ, कधी आतड्याची नुसती घडीसुद्धा ती पकडते. डॉक्टर पाण्याचा फवारा मारतात आणि चौकट नाहीशी होते. घडीआड लपलेले मात्र तिला दिसत नाही, कारण कॅमेऱ्यालाच ते दिसलेले नसते. म्हणून शुल्काआधी पोट साफ होण्याकडे लक्ष द्या.

उत्तर २
मी वडोदऱ्यात पोटविकारांचा डॉक्टर आहे. चौकट फक्त लक्ष वेधते. पॉलिप काढायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे पॅथॉलॉजीचा अहवाल सांगतो. इटलीत ६८५ जणांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुढे कर्करोगात बदलू शकणारे अ‍ॅडिनोमा एआयसह ५४.८ टक्के लोकांत सापडले, तर एआयशिवाय ४०.४ टक्के लोकांत. मात्र ही वाढ मुख्यतः लहान अ‍ॅडिनोमांची होती. उलट २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधील अभ्यासात, एआय रुळल्यानंतर त्याच केंद्रांतील एआयविना तपासण्यांत हे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले. तो निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कारण सिद्ध होत नाही, पण सवय जडण्याची शंका रास्त आहे. आपल्या डॉक्टरांना त्यांचे स्वतःचे अ‍ॅडिनोमा सापडण्याचे प्रमाण निःसंकोच विचारा, आणि दुर्बीण बाहेर काढताना ते किमान सहा मिनिटे देतात का, हेही. या दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर एआय नसले तरी मी माझ्या वडिलांना तिथे नेईन.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. आज विचारले, डॉक्टरांनी प्रमाण न अडखळता सांगितले, त्यामुळे एआयचे शुल्क तूर्त वगळले आहे. पोट साफ करण्याचे औषध अर्धे आदल्या रात्री आणि अर्धे पहाटे घ्यायचे आहे. बाबांची तक्रार एवढीच, की त्या दिवशी पोहे-जिलबी बंद.