मदत हवी आहे: सेव्हन-धाटणीच्या गाडीला गिअरबॉक्स टाइप ९ की एमएक्स-५?

इंग्लंडमध्ये घरीच लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची गाडी बांधतोय. इंजिन फोर्ड झेटेक २.०, मागे फोर्ड सिएराचं ३.६२ डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच), टायर १८५/६० आर१३, वजन सहाशे किलोच्या आत. सिएराचा टाइप ९ गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय, पण पहिला गिअर फारच छोटा, म्हणजे लगेच संपणारा, म्हणतात. माझदा एमएक्स-५ चा घ्यावा का? रस्त्यावरच चालवायची आहे.

प्रतिसाद १
टाइप ९ घ्या. एमएक्स-५ चे गिअर छान पडतात, वाद नाही. पण त्याचं बेलहाउसिंग (इंजिनाला जोडणारं, क्लचभोवतीचं आवरण) केसिंगलाच जोडून ओतलेलं, म्हणजे झेटेकला अडॅप्टर प्लेट आली. शिवाय मूळ गाडीत बॉक्स नि डिफ एका लांब फ्रेमने बांधलेले असतात; ती नसली की बॉक्सच्या शेपटीला माउंट तुम्हीच बनवायचं. टाइप ९ चं बेलहाउसिंग सुटं, झेटेकसाठीचं तयार मिळतं.

पहिल्या गिअरचं खरं आहे, तो सिएराच्या वजनासाठी आहे. चार सिलिंडरच्या गाडीतल्या टाइप ९ चे पहिल्या ते पाचव्या गिअरचे रेशो ३.६५, १.९७, १.३७, १, ०.८२, व्ही६ (सहा सिलिंडर) गाडीतल्याचे ३.३६, १.८१, १.२६, १, ०.८२. तुमच्या टायरवर ६५०० आरपीएमला पहिला ताशी ५१ किमीला संपतो, व्ही६ चा ५६ ला. फरक एवढाच! पाचव्यात ताशी ७० मैलांना साधारण ३२०० आरपीएम, उत्तम. डिफ मात्र ३.९२ करू नका, पहिला ४७ वरच आटपेल.

धागाकर्ता
मग व्ही६ चाच शोधू?

प्रतिसाद २
आयता मिळाला तर घ्या, पण त्याचा इनपुट शाफ्ट लांब असतो. बेलहाउसिंग त्या मापाचं नसेल तर बसणारच नाही, आधी टेपने मोजा. क्लच प्लेट २३ स्प्लाइनची (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांची) लागेल. झेटेक मूळचा पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचा, त्यामुळे क्रँकच्या टोकात स्पिगॉट बेअरिंग बसवायला विसरू नका; ते नसलं तर इनपुट शाफ्टचं टोक आधाराविना राहतं.

जुना बॉक्स घेताना पाचवा तपासा. चार गिअरच्या बॉक्सला मागच्या एक्स्टेन्शनमध्ये जोडलेला तो गिअर. तेल कमी पडलं की पहिला मार त्यालाच. ड्रेन प्लग नाही, त्यामुळे जुनं तेल भरणीच्या भोकातून सिरिंजने ओढून काढा. क्लच केबलवरच ठेवा. आतला हायड्रॉलिक स्लेव्ह (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) गळला तर अख्खा बॉक्स उतरवावा लागतो.

प्रतिसाद १
आणि स्पीडोमीटर! टायर-डिफ बदलल्यावर सिएराच्या केबलचा आकडा चुकतो, आणि आयव्हीए तपासणीत (अशी घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवलेला चालत नाही. सेन्सरवाला मीटर लावा.