आईची ठेव मोडून घराचं वीजबचतीचं काम काढावं का?

शाहूपुरीकरीण
नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरीत बाबांनी १९९२ साली बांधलेलं आमचं एकमजली घर आहे. आता आई, मी आणि माझा मुलगा राहतो. वरच्या खोलीचा स्लॅब मे महिन्यात इतका तापतो की रात्री दोनलाही भिंत गरम लागते. आई ७१ वर्षांची. गेला मे तिनं खाली जिन्याजवळ चटई टाकून काढला. पावसात तोच स्लॅब दोन ठिकाणी गळतो.

एका ठेकेदाराकडून आराखडा घेतला. ३ किलोवॅट सोलर २,००,०००. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वर ऊन परतवणारा पांढरा रंग (कूल कोट) ९५,०००. सोलर वॉटर हीटर ३०,०००. पाच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे पंखे १५,०००. घरावरच्या सोलरसाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेचं ७८,००० अनुदान वजा जाता २,६२,०००. त्याच्या कागदावर महिन्याची बचत सोलर २,९००, हीटर ७००, पंखे ७००, गच्ची ३००, म्हणजे एकूण ४,६००. पावणेपाच वर्षांत वसूल, असं तो म्हणतो.

आमचा वापर सरासरी १९० युनिट, बिल २,०००च्या आसपास. मेमध्ये २९० युनिट, ३,२००. पैसे आईच्या ठेवीतून काढायचे आहेत, म्हणून जीव धजत नाही.

उद्यमनगरचा वायरमन
ताई, बिलच दोन हजार, तर साडेचार हजार वाचणार कुठनं? त्यानं एकच युनिट तीनदा वाचवलंय बघा. पंख्यानं वाचवलेलं युनिट सोलरच्या बचतीत परत धरलंय, हीटरचंही तसंच.

आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३०च्या आसपास. चार पंखे रोज दहा तास धरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात, आणि ती १०० युनिटांच्या वरच्या महाग दरातली. थंडीत पंखे कमी चालतात हे धरूनही दोन वर्षांत पैसे निघतात. कमी लागणारा पाचवा राहू दे.

मग उरली १३६ युनिटं. १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. ते थोडंसं कमी पडंल. २ किलोवॅट २४० देतं, भरपूर झालं, अनुदान ६०,०००. तीनचं काय करणार? जादा युनिट महावितरणकडं जातात आणि पुढच्या महिन्याच्या वापरातून वजा होतात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्याला मिळणारा भाव आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. बिल शून्य होईल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, स्थिर आकार येतोच. आणि सोलरवर गीझर चालतोय, तर हीटरचे तीस हजार कशाला?

फुलेवाडीकर
वायरमनदादांचं पटलं. माझ्याकडं २ किलोवॅट आहे. मेमध्ये दिवसाला ९ युनिट, जुलैच्या झडीत ४ वर येतं.

मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. गळती न काढता पॅनेल बसवली. दुसऱ्या पावसात नेमकी स्टँडच्या पायाखालून गळती लागली. उतरवून परत बसवायला १४,००० गेले. गच्ची आधी, पॅनेल नंतर. गच्चीचा खर्च बिलातून वसूल करायला जाऊ नका ताई, तो आईच्या खोलीसाठी आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. पॅनेलच्या सावलीतला स्लॅब कमी तापतो, म्हणून जमलं तर ती आईच्या खोलीवरच घ्या.

शाहूपुरी म्हणालात म्हणून सांगतो, सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) खाली बसवू देऊ नका. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत तुमच्याकडं पाणी होतं. आणि बॅटरी नसलेलं सोलर महावितरणची लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. पुरात त्याच्यावर विसंबू नका.

शाहूपुरीकरीण
२०१९च्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर अजून आहे, माझ्या कमरेच्या वर. हे त्या ठेकेदारानं विचारलंही नव्हतं.

पंखे या महिन्याच्या पगारात घेते. गच्ची पाऊस उघडल्यावर, आईच्या ठेवीतले ९५,००० तेवढेच. हीटर यादीतून काढून टाकला. २ किलोवॅटचा दर दोघातिघांकडून मागवते. फक्त एक सांगा, पश्चिमेला शेजारची तीनमजली इमारत आहे, साडेतीननंतर सावली येते. फार फरक पडेल?

उद्यमनगरचा वायरमन
नऊ ते तीन ऊन मोकळं असंल तर फार नाही. पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, सावली लांब पडते. डिसेंबरात एक दिवस नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेनं खडूनं रेघ मारा. पॅनेल त्या रेघांच्या बाहेर बसवायला सांगा.