ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला डेल मॉरिस एवढा मोठा कसा झाला?

टार्नीटकर

नमस्कार मंडळी. मेलबर्नच्या वेस्टला राहतो, चिरंजीव फूटी खेळतात. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, लांबुळका बॉल, दोन्ही टोकांना चार-चार खांब आणि एका बाजूला अठरा जण, तोच तो खेळ. यंदा वरच्या टीमची ट्रायल होती, लिस्ट लागली, त्यात साहेबांचं नाव नाही आणि तेव्हापासून घरात सुतक आहे. पोरगं बॅकला खेळतं, म्हणजे समोरच्याला गोल करू द्यायचा नाही एवढंच काम, त्यामुळे आम्हाला पण कळत नाही की तो चांगला खेळला की नाही. त्याचे कोच म्हणाले की घरी जाऊन डेल मॉरिस कोण ते शोध, तो इथेच वेरिबीला खेळायचा.

शोधलं. २५३ मॅचेस, २००८ ला ऑल ऑस्ट्रेलियन टीममध्ये (सीझनच्या बेस्ट प्लेयर्सची टीम), २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्जबरोबर प्रीमियरशिप, म्हणजे कप. आणि हा माणूस नॅशनल ड्राफ्टमध्ये (म्हणजे दरवर्षी क्लब नवी पोरं निवडतात तो) कुणी घेतलाच नव्हता!! इथे तर शाळेच्या मॅचला पण वही घेऊन माणसं उभी असतात, मग एवढा प्लेयर सगळ्यांच्या नजरेतून सुटतो कसा? आणि मग तो आत आला कुठून? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, पोराला वाचून दाखवणार आहे.

जुना_बुलडॉग

आला एकदाचा माझ्या आवडीचा विषय. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे ड्राफ्टमध्ये पोरं घेतात ती अठराच्या आसपासची. त्या वयात काय दिसतं तर उंची, स्प्रिंट, उडी, आणि मॅचमध्ये बॉल कितीदा हातात आला ते. आता बॅकमनचं काम बघा, ज्याला अडवतोय त्याच्या हातात बॉल येऊ द्यायचा नाही, आला तर बुक्की मारून लांब घालवायचा, म्हणजे तो जितका चांगला खेळेल तितकं त्याच्या बाजूला काहीच घडलेलं दिसत नाही. आपल्याकडे कबड्डीत कसं, टीव्हीवर रेडरचा क्लोजअप आणि कोपऱ्यात चवडा धरणारा गडी फ्रेमच्या बाहेर, तसंच. वहीत लिहिणार काय? समोरच्याला आज एकच गोल मिळाला हे लिहायला ती मॅच अख्खी आणि फक्त त्या एकाकडे बघत बघायला लागते, तेवढा वेळ कुणाला असतो.

दुसरं, मॉरिस काही अनोळखी घरातला नव्हता. त्याचे वडील केव्हिन मॉरिस रिचमंड आणि कॉलिंगवूड दोन्हीकडून खेळलेले, तरी पोराला यातल्या एकाही क्लबने नेलं नाही. म्हणजे ओळख नव्हती म्हणून राहिला असं म्हणायची पण सोय नाही.

मग तो व्हीएफएलमध्ये वेरिबीकडून खेळत राहिला. एएफएल ही या खेळाची सगळ्यात वरची लीग आणि व्हीएफएल म्हणजे तिच्या खालची, बहुतेक पोरं दिवसा नोकरी किंवा शिक्षण आणि संध्याकाळी ट्रेनिंग. तिथून बुलडॉग्जनी त्याला २००४ च्या शेवटी रूकी ड्राफ्टमध्ये उचललं, तेव्हा तो बाविशीला टेकला होता, म्हणजे त्याच्या वयाच्या ड्राफ्ट झालेल्या पोरांचे एव्हाना तीन-चार सीझन झालेले. २००५ ला पदार्पण, कोच रॉडनी ईड, आणि तिथून पुढे बॅकलाइनमध्ये त्याचं नाव असं बसलं की निघेचना. त्याच्यापेक्षा उंच, वजनदार फॉरवर्ड (गोल करणारे) त्याच्या अंगावर टाकायचे आणि हा निमूटपणे दिवसभर त्यांना चिकटून राहायचा. २००८ ला ऑल ऑस्ट्रेलियन झाला तेव्हा पेपरवाल्यांना पण शोधावं लागलं असेल की याचा एखादा भारी फोटो आहे का आपल्याकडे.

पण क्लबचं नशीब बघा. २००८, ०९, १० सलग तीन वर्षं प्रिलिमिनरी फायनलला हरले, म्हणजे ग्रँड फायनलच्या दारात जाऊन परत. २०११ ला मॉरिसचा पाय मोडला, तो पण साधासुधा नाही, परत उभं राहायला फार काळ गेला. तिशीकडे झुकलेला बॅकमन आणि मोडलेला पाय, दुसरा कुणी असता तर क्लबने हार घालून निरोप दिला असता.

आणि मग २०१६. बुलडॉग्ज सातव्या नंबरवर होते, सातव्यावरून कुणी कप जिंकत नसतं. हे पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवून आले, मग हॉथॉर्न, मग सिडनीत जीडब्ल्यूएसला ६ पॉइंट्सनी, आणि १ ऑक्टोबरला एमसीजीवर सिडनी स्वान्स. शेवटचा क्वार्टर, आपण थोडक्यात पुढे, बॉल बडी फ्रँकलिनच्या हातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो सुटला की संपलं, एवढा मोठा फॉरवर्ड. मॉरिस मागून आला आणि त्याला असा काही धरला की बॉल हातातून निसटला, तो पडला थेट टॉम बॉयडच्या पुढ्यात, त्याने लांबून, पार सेंटर स्क्वेअरच्या (मैदानाच्या मधल्या चौकोनाच्या) बाजूने लाथ घातली, गोलात कुणी नाही, बॉल टप्पे खात खात खांबांमधून आत. मी तेव्हा जे ओरडलो त्याबद्दल शेजाऱ्यांनी अजून माफ केलेलं नाही.

८९-६७. १९५४ नंतर पहिला कप. आणि नंतर बाहेर आलं की हा गडी त्या फायनल्समध्ये पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळत होता. वय ३३. मी तो टॅकल कितीदा बघितला असेल, दरवेळी त्याची पाठ आठवून माझी दुखते.

२०१९ ला गुडघ्याच्या एसीएलने (लिगामेंट) शेवटी थांबवलं त्याला.

पुणेरी_प्रेक्षक

काका मस्त लिहिलंय. एक बाळबोध शंका, नॅशनल ड्राफ्ट आणि रूकी ड्राफ्ट यात नक्की फरक काय? आयपीएलच्या ऑक्शनमध्ये अनसोल्ड राहिलेला प्लेयर नंतर कुणाच्या तरी बदली येतो, तसं काही का?

जुना_बुलडॉग

साधारण तसंच, पण आयपीएलसारखी बोली नसते. आदल्या सीझनला शेवट आलेल्या टीमला पहिला नंबर मिळतो आणि मग क्रमाने. नॅशनल ड्राफ्ट नोव्हेंबरात, त्यात उरलेल्यांमधून रूकी ड्राफ्ट, तो १९९७ पासून आहे. मॉरिसच्या वेळी रूकीला पगार कमी, करार छोटा, आणि मुख्य म्हणजे सीनियर मॅच खेळायची तर आधी मेन लिस्टवर चढवावं लागायचं, त्यासाठी बहुतेकदा कुणाला तरी मोठी दुखापत व्हावी लागायची. दुसऱ्याचा गुडघा गेला की तुमचं नशीब उघडणार, असा विचित्र मामला.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, त्या २०१६ च्या टीममध्ये मॉरिस एकटा नव्हता हो. मॅथ्यू बॉयड, फ्रँकस्टनहून रूकी म्हणून आलेला, पुढे क्लबचा कॅप्टन झालेला. लियम पिकन, विल्यमस्टाउनहून रूकी, त्याने ग्रँड फायनलला तीन गोल मारले. जेसन जोहॅनिसन, साउथ आफ्रिकेत जन्मलेला, तो पण रूकी, आणि त्या दिवशी मॅन ऑफ द मॅच म्हणजे नॉर्म स्मिथ मेडल त्याला. याच्या उलट टॉम बॉयड, २०१३ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, मोठ्या करारावर आणलेला, लोक त्याला दोन वर्षं शिव्या घालत होते. टॅकल कुणीच न घेतलेल्याचा आणि गोल सगळ्यांना हव्या असलेल्याचा. मला तर तो सगळा ड्राफ्टचा धंदाच तेव्हा गमतीशीर वाटला.

रिचमंडचा_राज्या

बुलडॉग काकांना सलाम, पण मार्लिअन पिकेटचं नाव कुणी घेईना म्हणून आलो. पर्थकडचा, नूंगार या आदिवासी समाजातला, तरुणपणी घरफोडीसाठी तुरुंगात गेलेला, मग साउथ फ्रीमँटलकडून डब्ल्यूएएफएल (तिकडची लीग) खेळला, दरवर्षी ड्राफ्ट यायचा आणि जायचा. २०१९ ला एएफएलने सीझनच्या मधला ड्राफ्ट परत चालू केला (१९९० ते ९३ होता, मग बंद पडला होता), त्यात आम्ही रिचमंडवाल्यांनी त्याला घेतलं, तेव्हा २७ वर्षांचा, चार पोरांचा बाप आणि वर बोट मोडलेलं. बरा झाल्यावर रिझर्व्हजकडून, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या टीमकडून खेळला, व्हीएफएलची फायनल जिंकली, त्यात बेस्ट प्लेयर. त्याच आठवड्यात जॅक ग्रॅहमचा खांदा गेल्यामुळे टीममध्ये जागा झाली आणि गड्याचं एएफएल पदार्पण थेट ग्रँड फायनलला! १९५२ नंतर असं पहिल्यांदाच झालं. बॉल २२ वेळा हाताळला, एक गोल, आणि तो गोल झाल्यावर अख्खी टीम जी पळत गेली त्याच्याकडे ते बघाच. ८९ पॉइंट्सनी जिंकलो. पुढच्या वर्षी परत कप, त्यात पण होता.

तो मधला ड्राफ्ट नसता तर पिकेट आज कुणाला माहीत नसता, हे पण लक्षात घ्या. तो होताच तिथे, क्लबांना घ्यायला दार नव्हतं.

गीलाँगवाली

सगळं खरं, पण जरा थंड पाणी ओतते, टार्नीटकर भाऊ रागावू नका. आपण जे पोचले त्यांचीच नावं घेतोय. आमच्या गीलाँगचा टॉम स्टुअर्ट पण असाच, लोकल लीग खेळत होता, २०१६ ला २३ व्या वर्षी चाळिसाव्या नंबरला घेतला आणि आज लीगमधला सगळ्यात भारी डिफेंडर म्हणतात त्याला, २०२२ चा कप पण आहे. पण त्याच्याबरोबर लोकल लीगमध्ये खेळणारे कितीतरी जण अजून तिथेच आहेत आणि त्यांच्यातही मेहनती लोक होतेच की. पोराला मॉरिस दाखवा जरूर, फक्त "तू पण एक दिवस" असं नका सांगू, उगाच ओझं होतं. माझा भाचा रेप टीममध्ये (निवडक पोरांची टीम) होता, घरच्यांनी इतकं डोक्यावर घेतलं की सतराव्या वर्षी फूटी सोडून दिली, आता बास्केटबॉल खेळतो, खुश आहे.

जुना_बुलडॉग

ताई पटलं, पण एक भर घालतो. मॉरिसकडून शिकायचं ते एएफएलपर्यंत पोचणं नाहीच मुळी, त्याचे स्पॉइल बघायचे, म्हणजे बॉल बुक्कीने घालवतो ते. तो बॉलकडे कधी बघतो आणि माणसाकडे कधी, हात कुठून आणतो, हे अंडर-१३ च्या पोराला उद्याच्या ट्रेनिंगला वापरता येतं. हायलाइट्स बघू नका, त्यात तो दिसणारच नाही, पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग लावा आणि पोराला सांगा की बॉल सोडून ह्या एकाकडेच बघत राहायचं.

टार्नीटकर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. गीलाँगवाली ताई, रागावतो कशाला, बायको पण अगदी हेच म्हणते आणि ते सुद्धा तुमच्यापेक्षा बऱ्याच वरच्या आवाजात. काल २०१६ ची फायनल लावली, चिरंजीवांनी पहिला अर्धा तास मॉरिसकडे बघितलं, मग म्हणाले बाबा हा काहीच करत नाहीये, मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले अरे पण याच्या माणसाला बॉल मिळतच नाहीये. मी गप्प बसलो.

आता शनिवारी वेरिबीची व्हीएफएल मॅच असेल तर चर्नसाइड पार्कला न्यायचा विचार आहे. लहान मुलांना घेऊन कुणी गेलंय का तिथे, पार्किंगचं कसं आहे आणि डबा आत नेऊ देतात का?

रिचमंडचा_राज्या

डब्याचं मला पण सांगा कुणीतरी. पार्किंगसाठी लवकर जा दादा, आणि जॅकेट न्या, त्या मैदानावर वारं फार.