मिश्रणे वेगळी करताना : खानदेशातील वर्गांमधले अनुभव

सहावी-सातवीच्या विज्ञानात मिश्रणांतील घटक वेगळे करण्याच्या पद्धती येतात. त्यांची नावे ओळीने पाठ होतात, पण अमुक मिश्रणाला अमुकच पद्धत का लागते, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. तो तुमच्या वर्गात कसा उभा राहिला, हे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शिक्षकांनी व तेथे शिकलेल्यांनी सविस्तर लिहावे.

शिक्षिका, चोपडा तालुका

आमच्याकडील जमीन काळी कसदार आहे, आणि गाळण्याचा प्रयोग मी वाळूनंतर मुद्दाम याच मातीवर घेते. वाळूचे पाणी गाळणकागदातून स्वच्छ उतरते. काळ्या मातीचे पाणी मात्र कागदातून गेल्यावरही करडेच राहते. चिकणमातीचे कण २ मायक्रोमीटरहून बारीक असतात आणि साध्या गाळणकागदाची छिद्रे त्याहून मोठी असतात. शिवाय या कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाणी रात्रभर स्थिर ठेवले तरी पूर्ण निवळत नाही. मग आम्ही त्यात तुरटीचा खडा फिरवतो. तुरटीतील ॲल्युमिनिअममुळे प्रभाराचा परिणाम नाहीसा होतो, कणांचे पुंजके बनून ते तळाशी बसतात, आणि उरलेले पुंजके तोच कागद आता अडवतो. पावसाळ्यात गढूळ पाणी घरी याच रीतीने निवळत असत, हे आजीकडून ऐकलेली मुले वर्गात आवर्जून सांगतात. निवळलेले पाणी जंतुमुक्त नसते, ते उकळूनच प्यावे, हे मी त्याच तासाला सांगते. ते पुढच्या धड्यावर ढकलणे मला योग्य वाटत नाही.

शेतकरी, शिंदखेडा तालुका

आमच्या वर्गातील बहुतेकांनी खळ्यावर दादर (रब्बी ज्वारी) उपणताना पाहिली होती, म्हणून गुरुजींनी व्याख्या न सांगता एवढेच विचारले की भुसा दूर जातो आणि दाणा जवळ पडतो तो का, आणि मग धान्यातले खडे वाऱ्याने का जात नाहीत. भुसा हलका व पसरट असल्याने उडतो. दाण्याएवढा खडा मात्र दाण्याहून जड असल्याने उपणून निघत नाही, आकार सारखा असल्याने चाळूनही निघत नाही. तो पाहून हातानेच वेचावा लागतो. दोन पदार्थांत फरक कशात आहे ते आधी पाहायचे, ही सवय मला त्या तासाने लागली.

शिक्षक, धडगाव परिसर

सातपुड्याचा हा भाग बेसाल्ट खडकाचा असल्याने ओढ्यांच्या वाळूत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण सापडतात. कागदात गुंडाळलेला चुंबक वाळूतून फिरवला की ते कागदाला चिकटून येतात आणि चुंबक बाजूला घेताच खाली पडतात. त्यामुळे या प्रयोगासाठी लोहकीस विकत आणावा लागत नाही. तो मी दुसऱ्या कामासाठी राखून ठेवतो. ७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधक एकत्र केले, तर चुंबकाने लोह सहज वेगळे होते. तेच मिश्रण मी स्वतः, मुलांना दूर उभे करून, उघड्या हवेत तापवतो. थंड झाल्यावर उरलेले काळे आयर्न सल्फाइड चुंबकाला दाद देत नाही. भौतिक पद्धतींची मर्यादा मुलांना येथे डोळ्यांनी दिसते, म्हणून हा प्रयोग कधीही गाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

विद्यार्थिनी, भुसावळ

मिठाचे पाणी आम्ही मे महिन्यात उघड्या ताटात गच्चीवर ठेवले होते. मीठ मिळाले, पाणी गेले. दोन्ही हवे असतील तर वाफ थंड करून गोळा करावी लागते, म्हणजेच ऊर्ध्वपातन, हे तेव्हा पटले.

शिक्षिका, जामनेर तालुका

वेचणीच्या दिवसांत एका मुलीने विचारले की कापूस हे रुई आणि सरकीचे मिश्रण म्हणावे का, कारण जिनिंगमध्ये दोन्ही वेगळी होतात. जिनिंगमध्ये रूळ तंतू ओढून घेतो आणि पात्याजवळच्या अरुंद फटीतून सरकी जाऊ शकत नाही. पद्धत भौतिकच आहे. परंतु कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील लांब वाढलेली पेशी असते. तो सरकीवर उगवलेला असतो, तिच्यात मिसळलेला नसतो. मिसळलेली असते ती वेचताना आलेली माती आणि पालापाचोळा. जे वेगळे करता येते ते मिश्रण होतेच का, हा तिचा प्रश्न आता मी प्रत्येक वर्गाला या प्रकरणाच्या आरंभीच विचारते.