इटलीतल्या जुन्या शहरात खात खात पायी फिरलात का? अनुभव लिहा

चिंचगूळ
काल कोथरूडच्या एका कॅफेत मेन्यूकार्डावर ‘व्हेज स्पॅगेटी बोलोन्येझ’ दिसलं आणि बोलोन्याची ती सकाळ आठवली. रात्री जुने फोटो काढून बसले. इथे बऱ्याच जणांनी इटलीत असे फूड वॉक केलेत, म्हणून धागा काढतेय. मी सुरुवात करते.

नवऱ्याची कॉन्फरन्स होती म्हणून आम्ही तिकडे गेलो. तो दिवसभर अडकलेला, तेव्हा मी आणि सासूबाईंनी गाइडसोबत पायी फिरायचं ठरवलं. बुकिंग करतानाच कळवलं की एक जण शाकाहारी, अंडं चालतं. हे आधी सांगणं फार गरजेचं, कारण बोलोन्याचं खाणं म्हणजे डुक्कर, अंडी, चीज आणि लोणी. इटालियन लोक या शहराला लाडाने ‘जाडी’च म्हणतात.

नेपच्यूनच्या कारंज्यापाशी जमलो. गाइडबाई पन्नाशीच्या, तिथेच जन्मलेल्या. आधी काउंटरला उभं राहून कॉफी, मग क्वाद्रिलातेरोच्या अरुंद गल्ल्या. मध्ययुगापासून एकेका धंद्याची एकेक गल्ली होती, कासारांची, सोनारांची, मासेवाल्यांची. आजही तिथे माशांच्या पाट्या आणि टांगलेली हॅम आहेतच. मी मोर्तादेल्ला खाल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज, कागदाइतका पातळ कापलेला, गुलाबी, मधे चरबीचे पांढरे चौकोन. तो कसा करायचा यावर १६६१ साली कार्डिनलने फर्मान काढलं होतं! सासूबाईंना तोवर त्यांनी टोमॅटो लावलेला भाजका पाव आणून दिला, न विचारता.

चीजच्या दुकानात १२, २४ आणि ३६ महिन्यांचं पार्मिजानो शेजारी शेजारी ठेवलं होतं. एका चाकाचं वजन ४० किलोच्या आसपास, त्याला सुमारे ५५० लिटर दूध लागतं. १२ महिन्यांचं दुधाळ लागतं. ३६ महिन्यांचं दाताखाली कचकचतं. मला वाटलं मीठ, तर ते प्रथिनाचे खडे निघाले. त्यावर मोदेनाच्या बाल्सामिको व्हिनेगरचे दोन थेंब. द्राक्षाचा रस आटवून माळ्यावरच्या पिंपांत किमान १२ वर्षं मुरवलेला, आणि भारीतला २५ वर्षं. सासूबाई चमचा चाटून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते पास्त्याचं दुकान. आत एक बाई लाकडी फळीवर हातभर लांब लाटण्याने पोळी लाटत होत्या, एवढी मोठी की फळीवरून खाली लोंबत होती. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. गाइडबाईंनी विचारून सासूबाईंच्या हातात लाटणं दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण ‘कडेला दाब कमी’ हे त्या बाईंनी हातावर हात ठेवून सांगितलं आणि यांना लगेच कळलं. मी व्हिडिओ काढलाय, नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

आणि हो, बोलोन्यातल्या पारंपरिक खानावळीत स्पॅगेटी बोलोन्येझ मिळत नाही. तिथे रागू, म्हणजे खिम्याचा रस्सा, खातात ताल्यातेल्लेवर, अंड्याच्या रुंद पट्ट्यांवर, कारण लाकडावर लाटलेल्या खरबरीत पट्टीला रस धरून राहतो आणि स्पॅगेटीवरून निसटतो. शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर रुंद हवी, हे १९७२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवलंय, सोन्याच्या पट्टीसकट. आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग! गाइडबाई हे मनोऱ्याखाली उभं राहून सांगत होत्या आणि आम्ही वर बघत होतो. पुस्तकात वाचून मी हे विसरले असते.

आता तुम्ही लिहा. शहर कुठलंही चालेल.

भटकी_चप्पल
वा! वाचतेय. कुकर लावलाय, रात्री येते.

निळी_छत्री
बोलोन्या!! मी चित्रं काढते, तिथल्या मुलांच्या पुस्तकांच्या जत्रेला गेले होते वसंतात. धो धो पाऊस आणि आमचा वॉक तरीही झाला, छत्री न उघडता. पोर्तिको! इमारतींखालचे ते कमानींचे लांब ओटे. सगळे मिळून ६२ किलोमीटरच्या आसपास आहेत म्हणे, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. विद्यापीठामुळे गर्दी वाढली, जागा पुरेना, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. मग १२८८ मध्ये शहराने कायदाच केला की नव्या घराला पोर्तिको हवाच, आणि घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल एवढा उंच हवा.

खाण्याचं लिहायचं राहिलंच. तोर्तेल्लीनी इन ब्रोदो. सारण भरलेले पास्त्याचे तुकडे, करंगळीच्या पेराएवढे, मांसाच्या रसात. बाहेर थंडी, हातात तो गरम वाडगा.

गोडलिंब
एक शंका. पार्मिजानो शाकाहारी असतं का? आमच्याकडे सगळे बिनधास्त खातात.

चिंचगूळ
@गोडलिंब नाही. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमात वासराच्या पोटातलं रेनेटच (दूध घट्ट करणारं विरजण) लागतं. ग्राना पादानोचंही तेच. रोमचं पेकोरिनो कोकराच्या रेनेटचं. आमच्या सासूबाईंना गाइडबाईंनी दुकानात शिरायच्या आधीच सांगितलं, हे मला फार आवडलं. त्यांनी ठरवलं की चीज नको, आणि त्यांना लिंबू पिळलेली आर्टिचोकची भाजी मिळाली. मास्कारपोने हे मऊ चीज सायीत आम्ल घालून करतात, ते त्यांनी खाल्लं. बाल्सामिको माझ्या चमच्यातलं घेतलं, चीज बाजूला ठेवून :)

गोडलिंब
अरे देवा. म्हणजे पार्मिजानो घातलेलं घरचं पेस्तोसुद्धा? आता सासऱ्यांना सांगायचं की नाही हा प्रश्न.

सातबारा
सांगा. त्यांचं त्यांना ठरवू दे. भारतात बऱ्याच चीजच्या पाकिटांवर हिरवा ठिपका असतो, तो बघून घ्या.

कोकणकडा
रोम. तेस्ताच्चो वस्ती. सगळे त्रास्तेवेरे वस्तीत जातात, आम्ही मुद्दाम इकडे गेलो आणि फार बरं झालं. जुना कत्तलखाना आहे, १९७५ मध्ये बंद झाला. तिथल्या कामगारांना पगारासोबत उरलेसुरले अवयव मिळायचे आणि बायका त्याचं जेवण करायच्या. शेपटीचा रस्सा, आतडी, जठर. चांगलं मांस पैसेवाल्यांच्या घरी जायचं. हे गाइड त्याच भिंतीसमोर उभा राहून सांगत होता आणि मग समोरच्या खानावळीत तोच शेपटीचा रस्सा. मी कोळ्यांच्या घरातला, डोकं-काटा-गाबोळी टाकून न देणाऱ्या घरात वाढलोय, त्यामुळे मला ते जेवण आतून कळलं.

तिथेच एक टेकडी आहे, सुमारे ३५ मीटर, सगळी फुटक्या मडक्यांची! रोमन काळात स्पेनहून आणि आफ्रिकेहून तेल यायचं मडक्यांतून, रिकामी झाली की फोडून इथे नीट रचायचे. आता टेकडीच्या पोटात खानावळी आहेत, काचेतून खापरं दिसतात. मी अर्धा तास तिथून हललो नाही.

रानजाई
रोममध्येच ज्यू गेटोतही करा हा वॉक. १५५५ ला पोपने त्यांना त्या वस्तीत कोंडलं. नदीकाठची पुराची जागा. तळलेलं आर्टिचोक तिथलंच, अख्खं उमलतं आणि पाकळ्या कुरकुरीत. हिवाळा संपताना जा, तेव्हा खरा हंगाम.
शाकाहारी मंडळींनो, भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की धावू नका. आत मोझारेल्लासोबत अँचोव्ही हा छोटा मासा असतो. विचारून घ्या.

आजीचा_डबा
छान धागा. किती चालावं लागतं हो? माझे गुडघे दुखतात आणि तिकडे म्हणे दगडी रस्ते.

चिंचगूळ
@आजीचा_डबा आमचा तीन-साडेतीन तासांचा होता, पण मधे सारखे थांबे, बसायला मिळतं. पोर्तिकोची फरशी सपाट आहे. बूट मात्र मऊ तळव्याचेच. सकाळी नाश्ता करू नका.

आजीचा_डबा
नाश्ता न करता गोळी कशी घेऊ :( बघते. डॉक्टरांना विचारते.

निळी_छत्री
काकू, दोन बिस्किटं खाऊन गोळी घ्या. सान लुका टेकडीचा पोर्तिको मात्र नका चढू, ६६६ कमानी आहेत, जवळजवळ चार किलोमीटर. तिकडे छोटी गाडी जाते.

पोहे_पार्सल
अवांतर. भाचीला बोलोन्या विद्यापीठात मास्टर्ससाठी अर्ज करायचाय. १०८८ चं विद्यापीठ, नाव मोठं आहे, पण राहायची खोली मिळत नाही असं ऐकलं. कुणी आहे का तिथे?

निळी_छत्री
@पोहे_पार्सल खोल्यांची बोंब खरी आहे. माझी ओळखीची एक मुलगी शेजारच्या गावातून ट्रेनने यायची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मीठमिरची
पालेर्मो! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. बाल्लारो बाजार. ओरडणारे भाजीवाले, उकडलेले बटाटे, धूर, ऑलिव्हचे ढीग. गाइड पोरगा विशीतला, प्रत्येक टपरीवाल्याच्या गळ्यात पडत चालला होता. त्याने हातात दिली पानेल्ले. बेसनाची! बेसन पाण्यात शिजवून थापून, कापून, तळून, तिळाच्या पावात. लिंबू पिळायचं. अक्षरशः वडापावचा सख्खा भाऊ. माझा मुलगा तीन खाऊन चौथ्यासाठी रडला. आणि पूर्ण शाकाहारी, चीज नाही अंडं नाही.

तिथे नवव्या शतकापासून अरबांचं राज्य होतं दोनेकशे वर्षं, लिंबू-संत्री-ऊस त्यांनीच आणले, पानेल्लेचं श्रेयही त्यांनाच देतात. चर्चच्या घुमटाखाली उभं राहून हे ऐकताना वाटलं की माणसं भांडली तरी स्वयंपाकघरं एकमेकांचं घेत राहिली.

प्लीहा घातलेला पावही मिळतो. नवऱ्याने खाल्ला. मी नाही.

मीठमिरची
अजून एक, १३ डिसेंबरला सांता लुचियाचा दिवस. त्या दिवशी पालेर्मोत पाव आणि पास्ता खात नाहीत. दुष्काळात गव्हाचं जहाज आलं, लोकांनी दळायची वाट न बघता तसाच शिजवून खाल्ला अशी कथा. मग त्या दिवशी काय खातात? तळलेले भाताचे गोळे, गोड गहू आणि पानेल्ले, दिवसभर.

सातबारा
एकादशी अन् दुप्पट खाशी!! :D

रानजाई
हाहाहा. साबुदाणा वडे आठवले.

कोकणकडा
माझी आई उपासाला काही खायची नाही, फक्त पाणी. असो.

रानजाई
@कोकणकडा माझी आजीपण. निर्जळी सुद्धा करायची.

ओलीमाती
फ्लोरेन्स. पावात मीठ नसतं, पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं, मग खारवलेल्या हॅमसोबत खाल्ला तेव्हा कळलं का नसतं ते. वाड्यांच्या भिंतीत छोट्या छोट्या खिडक्या दाखवल्या, जेमतेम एक बाटली जाईल एवढ्या. जुनी श्रीमंत घराणी स्वतःच्या मळ्यातली वाइन तिथून थेट विकायची. १६३०च्या प्लेगमध्ये याच खिडक्यांतून हात न लावता विक्री चालली आणि २०२० मध्ये काही पुन्हा उघडल्या. कोविडात माझे काका गेले, त्यामुळे ती खिडकी बघताना गळा भरून आला. गाइडने विचारलं, मी सांगितलं, ती पाच मिनिटं गप्प माझ्यासोबत उभी राहिली. बाकीचे पुढे गेले होते.

चिंचगूळ
@ओलीमाती <3 लिहिलंत ते बरं केलंत.

आजीचा_डबा
@ओलीमाती काळजी घे गं.

सातबारा
नेपल्सला कॉफी प्यायला गेलात तर एक जास्तीची कॉफी भरून या. काफे सोस्पेझो. पुढे कुणी ज्याच्याकडे पैसे नाहीत असा माणूस येऊन विचारतो आणि त्याला ती मिळते. आमच्या गाइडने प्रत्येकाच्या वतीने एकेक भरली. तळलेला पिझ्झाही खाल्ला तिथे. युद्धानंतर भट्टी आणि चीज परवडेना तेव्हा बायका घराच्या दारात कढई मांडून विकायच्या. उधारीवर, आठ दिवसांनी पैसे. माझ्या आजीने गिरणीच्या संपात चाळीत खाणावळ चालवली, वहीत उधारी लिहून. ती वही आमच्याकडे आहे अजून.

पोहे_पार्सल
@सातबारा वहीवर वेगळा धागा काढा. प्लीज.

भटकी_चप्पल
आले. सगळं वाचलं, किती छान लिहिताय सगळे. मी रेज्जो एमिलियाच्या बाजूला राहिलेय. पार्मिजानोचं बोलताय तर सांगते, तिकडच्या गोठ्यांत आणि चीजच्या कारखान्यांत कितीतरी पंजाबी शीख आहेत. पहाटे गाई पिळायला स्थानिक पोरं तयार नव्हती, ते काम यांनी उचललं. नोवेल्लाराचा गुरुद्वारा प्रसिद्ध आहे, लंगर असतो, मी जायचे. बोलोन्यातल्या कुठल्या दुकानात ते चीज चाखाल तेव्हा त्यातलं दूध कदाचित एखाद्या सरदारजीने काढलेलं असेल. फूड वॉकवाल्यांनी हेही सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्टात जाऊ नका. १५ ऑगस्टच्या आगेमागे निम्मी चांगली दुकानं बंद.

गोडलिंब
@मीठमिरची पानेल्लेचं प्रमाण द्या ना. चीज नाही म्हटल्यावर हे सासऱ्यांना चालेल.

मीठमिरची
@गोडलिंब अर्धा किलो बेसन, दीड लिटर पाणी, मीठ. गार पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर, हात न थांबवता ढवळायचं, कडा सोडायला लागलं की बारीक चिरलेली पार्सली. ताटाला तेल लावून पातळ थापा, पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर तळताना फुटतात.

गोडलिंब
पार्सली नाही, कोथिंबीर घालते. रविवारी करते, सांगते.