‘गॅसलायटिंग’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

शब्दार्थी
अमेरिकी चित्रपट-मालिकांत हा शब्द हल्ली सारखा कानावर पडतो. बायको नवऱ्याला म्हणते, ‘यू आर गॅसलायटिंग मी’, आणि खाली मराठीत उमटतं, ‘तू मला फसवतोयस’. यात काहीतरी निसटतंय. ‘दिशाभूल’, ‘मानसिक छळ’ हेही पुरे पडत नाहीत. आणि गॅसच्या दिव्याचा इथे संबंध काय? जाणकारांनी सांगावं.

जुनेपट
संबंध अगदी शब्दशः आहे. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ मध्ये लंडनला रंगमंचावर आलं. त्यावर १९४० साली ब्रिटनमध्ये आणि १९४४ साली हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले. शब्द रुजला तो मुख्यतः दुसऱ्यामुळे. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर; नायिकेच्या कामासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं.

त्यातला प्रसंग नीट पाहिला की अर्थ आपोआप कळतो. नवरा रोज रात्री कामाचं निमित्त काढून बाहेर पडतो आणि शेजारच्या रिकाम्या घरातून, छपरावरून आपल्याच घराच्या माळ्यावर उतरतो. बायकोच्या मावशीचा खून त्यानेच केलेला असतो आणि तिची रत्नं तो अजून शोधत असतो. माळ्यावर अंधार, म्हणून तिथला गॅसचा दिवा लावतो. घराला गॅस एकाच नळाने येतो. एक दिवा नव्याने पेटला की बाकीच्यांचा दाब उतरतो. खाली बायकोच्या खोलीतली ज्योत बारीक होते. घरात दुसरा कुणी दिवा लावलाय का, तर नाही. वर पावलं वाजतात, तीही फक्त तिलाच ऐकू येतात.

‘नवरा तिला वेडं करायला मुद्दाम दिवे बारीक करतो’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. वस्तू लपवणं, तिच्यावर विसरभोळेपणाचा आणि चोरीचा आळ घेणं हे तो मुद्दाम करतो. दिवा मात्र त्याच्या नकळत त्याची चहाडी करत असतो. म्हणजे तिने पाहिलेलं खरंच होतं, आणि तेच तिला भास वाटू लागलं. शब्दाचा गाभा इथे आहे.

मुद्रितशोधक
वा, मग ‘फसवणे’ का चालत नाही ते स्पष्टच झालं. फसवणुकीत खोटं खरं वाटतं. इथे खरं समोर दिसत असूनही माणसाचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडतो.

जवळचे पर्याय ताडून पाहू. ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ ही फसवणूकच, बाद. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ यात दोष उलटवणं आलं, पण ज्याच्यावर उलटवला तो स्वतःवर शंका घेत नाही. ‘बुद्धिभेद’ भारदस्त आहे, गीतेतला आहे. पण तो विचारांचा, श्रद्धेचा होतो, आठवणीचा नाही. राजकीय लेखात चालेल, स्वयंपाकघरातल्या भांडणात नाही.

माझं मत ‘वेड्यात काढणे’ला. घरातला शब्द आहे, नवरा-बायकोच्या तोंडी शोभतो, आणि मूळ कथेत नायिकेला अक्षरशः वेड्यात काढायचाच बेत असतो.

शब्दार्थी
पण ‘वेड्यात काढणे’ एका वाक्यातही उरकतं. चारचौघांत कुणाचं म्हणणं हसण्यावारी नेलं तरी आपण तसं म्हणतोच.

मुद्रितशोधक
बरोबर, तेवढी उणीव आहे. म्हणून काळ आणि परिणाम क्रियापदाने भरून काढायचे. ‘वेड्यात काढतोयस’ याऐवजी ‘वेड्यात काढत आलायस’. जागा असेल तर ‘मलाच माझा भरवसा वाटेनासा केलायस तू’. उपशीर्षकाच्या दोन ओळींत हे आरामात बसतं. मात्र नवरा एकदाच खोटं बोललाय आणि बायको रागाने हा शब्द वापरतेय, असा प्रसंग असेल तर ‘मला वेड्यात काढू नकोस’ एवढंच ठेवा. आजच्या अमेरिकी बोलण्यात शब्द इतका सैल झालाय की निम्म्या वेळा त्याचा अर्थ ‘खोटं बोलू नकोस’ इतकाच असतो.

जुनेपट
हा सैलपणा अलीकडचा. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२२ या वर्षाचा शब्द म्हणून ‘गॅसलायटिंग’ निवडला. चित्रपट १९४४ चा, म्हणजे मध्ये ७८ वर्षं. यामागचा समाज पाहण्यासारखा आहे. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याची नियमावली, कडक लागू होती, ती १९६८ पर्यंत टिकली. विवाहसंस्थेचं पावित्र्य राखलंच पाहिजे, असं तिच्यात स्पष्ट कलम होतं. या चित्रपटातला छळणारा नवरा खुनी निघतो, शिवाय प्रागला त्याची आधीची बायको असते. म्हणजे लग्नच खोटं ठरतं आणि संस्थेला धक्का लागत नाही. आजच्या अमेरिकी पटकथेत तोच शब्द साध्या, कायदेशीर, चारचौघांसारख्या नवऱ्याला किंवा साहेबाला लावला जातो. शब्द तोच, पण आरोप गुन्हेगारावरून नात्यावर सरकलाय.

परभाषी
चित्रपटातून आलेला आणखी एक: ‘बकेट लिस्ट’. हा २००७ च्या रॉब रायनरच्या चित्रपटाने रूढ केला. इंग्रजीत बादलीला लाथ मारणं म्हणजे मरणं. म्हणून मरणाआधी करायच्या गोष्टींची यादी. कृपा करून ‘बादली यादी’ लिहू नका, वाचणाऱ्याला नळाला पाणी आलंय असं वाटेल. आपल्याकडे बादलीऐवजी गोवऱ्या मसणात जातात.

मला यात मोलाचं वाटतं ते कथेचं रूपांतर. अमेरिकी चित्रपटात कर्करोग झालेले दोन म्हातारे स्वतःच्या इच्छा एकाच्या पैशावर पुऱ्या करतात. मराठीत २०१८ साली याच नावाचा चित्रपट आला, माधुरी दीक्षितचा पहिला मराठी. तिथे हृदयरोपण झालेली गृहिणी यादी पुरी करते ती हृदय देऊन गेलेल्या मुलीची. यादी उसनी आणि ती पुरी करणं हे ऋण, असा अर्थ शब्दाला मराठीत येऊन चिकटला. त्यामुळे संवादात सरळ ‘बकेट लिस्ट’च ठेवा. म्हातारा माणूस बोलत असेल तर ‘राहून गेलेलं’ जास्त बरं: ‘काशी तेवढी राहून गेली’.

शब्दार्थी
आभार. लेखात मूळ शब्दच ठेवायचा झाला तर?

मुद्रितशोधक
‘गॅसलाइट’ मध्ये ‘इ’ ऱ्हस्व. ‘गॅसलायटिंग’ नपुंसकलिंगी: ‘हे गॅसलायटिंग थांबव’. क्रियापद ‘गॅसलाइट करणे’, कर्माला ‘ला’ लावून: ‘तो तिला गॅसलाइट करतो’. ‘गॅसलायटिंग करणे’ लिहिलं की कर्म लटकतं, मग लोक ‘तिच्यावर’, ‘तिचं’, ‘तिच्याशी’ असं काहीही लावतात. पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्थ सांगताना ‘स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावणे’ एवढं पुरे.