वायरलेस कंट्रोलरची बटणं आणि खाचा न बघता कशा ओळखायच्या?

कृष्णाकाठ

नमस्कार. हा प्रश्न माझ्या मोठ्या भावासाठी आहे. दादाला काचबिंदू आहे आणि गेल्या दोन वर्षांत त्याची नजर इतकी उतरलीय की आता त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. तो सांगलीत असतो, मी ठाण्यात. कॉलेजात असल्यापासून त्याला व्हिडिओ गेममधल्या गाड्यांच्या शर्यती खेळायचं वेड. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याने कंट्रोलर कपाटात ठेवून दिला. मागच्या महिन्यात मात्र स्वतःहून बाहेर काढला. मला फोन करून म्हणाला, "इंजिनाच्या आवाजावरनं गिअर कळतो गं अजून." त्या दिवसापासून मी या वस्तूच्या मागे लागलेय.

घरी एक्सबॉक्स सिरीज एस (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) आहे आणि त्याच्यासोबत आलेला काळा... नाही, पांढरा कंट्रोलर. (काळा माझ्याकडे आहे, मी मुद्दाम तसाच एक घेतला, म्हणजे फोनवर बोलताना दोघांच्या हातात एकच वस्तू राहील.) अडचणी अशा:

कंट्रोलरच्या खालच्या कडेला इअरफोनची पिन लावली की एक्सबॉक्सवर आवाज छान येतो. तोच कंट्रोलर ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला की इअरफोन एकदम मुका. पिन बदलून झाली, इअरफोन बदलून झाले.

दुसरं म्हणजे, रात्रभर टाईप-सी केबल लावून ठेवली तरी सकाळी केबल काढताच कंट्रोलर बंद पडतो.

खाली इअरफोनच्या भोकाशेजारी त्याला आणखी एक चौकोनी खाच लागते, ती कशाची?

आणि सगळ्यात मोठी अडचण माझी आहे. मी फोनवर "एक्स दाब" म्हणते, तो विचारतो "कुठलं एक्स?" अक्षरं बोटाला लागतच नाहीत, वरून सगळं गुळगुळीत. अडलं की वहिनी त्याच्या हातातून कंट्रोलर घेते आणि करून देते. ती प्रेमानेच करते, पण त्यानंतर तो खेळत नाही, नुसता बसून राहतो. मला त्याच्या हातातून कंट्रोलर घ्यायचा नाहीये. तोंडी कसं सांगायचं ते मला शिकवा.

सोल्डरगन

ताई, मी कंट्रोलर दुरुस्त करतो, तेव्हा आधी खाचांचं सांगतो. तुमचा कंट्रोलर बिघडलेला नाही, इअरफोनही नाही.

हा कंट्रोलर दोन वेगळ्या प्रकारे बोलतो. एक्सबॉक्सशी बोलताना कंपनीचं स्वतःचं वायरलेस वापरतो, त्यातून आवाज जातो. लॅपटॉपशी ब्लूटूथवर बोलताना फक्त बटणांची माहिती जाते, आवाज जात नाही. म्हणून जॅक, म्हणजे इअरफोनचं भोक, मुका. उपाय सोपा आहे. इअरफोन सरळ लॅपटॉपलाच लावा. किंवा कंट्रोलर टाईप-सी केबलने लॅपटॉपला जोडा, मग खालचा जॅकही चालू होतो. मात्र केबल डेटाची हवी. काही स्वस्त केबलींमधून नुसती वीज जाते, त्यांनी लॅपटॉपला कंट्रोलर दिसणारच नाही. तिसरा मार्ग एक्सबॉक्सच्या वायरलेस अडॅप्टरचा, तो यूएसबीत बसतो, त्यावर आवाज येतो, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

आता चार्जिंग. पाठीमागचं झाकण काढून बघा, आत दोन पेन्सिल सेल असतील. केबल लावली की कंट्रोलर केबलच्या विजेवर चालतो, अगदी सेल काढून ठेवले तरी चालतो. पण त्या केबलने पेन्सिल सेल चार्ज होत नाहीत. माझ्याकडे महिन्याला चार-पाच जण हीच तक्रार घेऊन येतात. रिचार्जेबल सेल घेऊन ते बाहेरच्या चार्जरवर चार्ज करा, नाहीतर झाकणाच्या आत बसणारा बॅटरी पॅक मिळतो, तो केबलवर चार्ज होतो. साधे सेल चार्जरला लावायचे नाहीत, आणि बरेच दिवस खेळ होणार नसेल तर काढून ठेवायचे. सेल गळून आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेले कंट्रोलर मी फार बघितलेत.

चौकोनी खाच जोडउपकरणांसाठी आहे, छोटा कीबोर्ड वगैरे. दादांना तिचं काही काम नाही. बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके द्या, वाळले की बोटाला लागतात.

बोटांची_नजर

मी जन्मापासून पाहू शकत नाही आणि बारा वर्षं कंट्रोलरवर खेळतोय. सोल्डरगन यांचं खाचांचं सगळं बरोबर आहे, पण ए-बी-एक्स-वायवर नेलपॉलिश लावू नका. ही बटणं अंगठा सतत दाबतो, ठिपका घासून जातो आणि जाईपर्यंत टोचतो. शिवाय गरजही नाही. अक्षर विसरा, घड्याळ धरा. उजव्या हाताला चार बटणांचा चौफुला आहे. सहा वाजता ए, तीन वाजता बी, नऊ वाजता एक्स, बारा वाजता वाय. दादांनी घड्याळ पाहिलेलं आहे, त्यांना हे एका दिवसात बसेल. तुम्ही फोनवर "एक्स" म्हणूच नका, "नऊ" म्हणा.

बाकीचं शेजाऱ्यावरून सांगायचं. दोन्ही मुठी आपल्याकडे करून धरला की डावा अंगठा आपोआप डाव्या काठीवर येतो. तिथून थोडं खाली, मधल्या बाजूला सरकलं की पसरट वाटी आणि तिच्यात अधिकच्या चिन्हासारखा उंचवटा, ती दिशांची बटणं. चौफुल्यापासून तसंच खाली आणि मध्ये आलं की उजवी काठी. आणि हे कुणी सांगत नाही: दोन्ही काठ्या खाली दाबल्या की टक् होतात, तीही बटणंच आहेत.

मधोमध वर मोठं गोल एक्सबॉक्स बटण. त्याच्या खाली दोन छोटी गोल बटणं, डाव्या काठीकडचं व्ह्यू, चौफुल्याकडचं मेनू. या दोघांच्या मध्ये, जरा खाली, आडवं चपटं शेअर. व्ह्यू आणि मेनू हाताला अगदी सारखे लागतात. ठिपका द्यायचाच तर एकट्या व्ह्यूवर द्या, ते कमी दाबलं जातं, टिकेल.

पुढच्या कडेला दोन्हीकडे वरचं बटण नुसतं टक् करतं, तो बंपर. त्याखालचं आत आत जात राहतं, तो ट्रिगर, त्यावर बारीक खरखरीत दाणे आहेत. शर्यतीत उजवा ट्रिगर म्हणजे रेस, डावा ब्रेक, आणि किती दाबला ते गाडीला कळतं. कंट्रोलरमध्ये चार मोटरी आहेत: दोन मुठींत, आणि एकेक दोन्ही ट्रिगरमध्ये. ज्या गेमने त्या नीट वापरल्यात तिथे चाक घसरलं की ते बोटाच्या पेरात कळतं. मला रस्ता कळतो तो असा.

पुढच्या कडेच्या मधोमध टाईप-सीची खाच. तिच्या शेजारी, कडेच्या सपाटीत बसलेलं बारीक गोल बटण नखाने शोधावं लागतं. ते जोडणीचं बटण. तीन सेकंद दाबून धरलं की नवीन जोडणी सुरू होते. पटापट दोनदा दाबलं की कंट्रोलर एक्सबॉक्सवरून लॅपटॉपवर जातो किंवा परत येतो. केबल लावताना चुकून दोनदा दाबलं गेलं की "मगाशी चालू होता, आता गेला" असं होतं, तेव्हा घाबरायचं नाही, पुन्हा दोनदा दाबायचं. पंधरा मिनिटं काही दाबलं नाही की तो आपणहून बंद होतो, हेही सांगून ठेवा.

आणि हे सगळ्यात आधी शिकवा: एक्सबॉक्स बटण दाबून धरायचं, हाताला थरथर जाणवली की सोडून मेनू दाबायचं. नॅरेटर सुरू होतो, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. त्यासाठी कुणालाही हाक मारावी लागत नाही. २०२३ मध्ये आलेल्या फोर्झा मोटरस्पोर्ट या शर्यतीच्या गेममध्ये न दिसणाऱ्यांसाठी आवाजावर गाडी चालवायची सोय आहे, वळण कुठल्या बाजूला, वेग कधी कमी करायचा, गिअर कधी बदलायचा, सगळं कानात येतं. दादांना इंजिनाचा आवाज कळतो म्हणालात ना, मग ते चालवतील.

वहिनींसाठीही एक मार्ग आहे. दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूचे होतील अशी सोय एक्सबॉक्सवर २०१७ पासून आहे, तेव्हा तिचं नाव कोपायलट होतं. दादांच्या हातातला कंट्रोलर त्यांच्याच हातात राहू दे. वहिनींनी दुसरा घ्यावा आणि अडेल तेवढंच दाबावं.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. काल रविवारी दीड तास फोनवर होतो. मी डोळ्यांना ओढणी बांधून माझा कंट्रोलर हातात घेतला, म्हणजे मलाही बोटांनीच सांगावं लागेल. झाकण त्याने स्वतः काढलं, सेल काढून बसवलेही. स्प्रिंगकडे सपाट बाजू, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. घड्याळ दहा मिनिटांत बसलं.

जोडणीचं बटण मला सापडेना. मी ओढणी सोडायला गेले तर तिकडून म्हणाला, "थांब, बघू नकोस. नख खाचेच्या कडेला टेकव आणि हळूहळू बाजूला सरक." तसं केलं, आणि लागलं.

नॅरेटर सुरू झाला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून विचारत होती, कोण बोलतंय. दुसरा कंट्रोलर मी येताना घेऊन येते असं तिला सांगितलंय. फोर्झाचं डाउनलोड रात्री लावलंय. घरचं इंटरनेट मंद आहे, आज दुपारपर्यंत तरी चालेल असं दिसतंय. तोवर तो व्ह्यू आणि मेनू घोकतोय.